सेक्रेटरीसाहेबांची प्रार्थना

शिराळ्याकडची एक पहिलटकरीण ऑपरेशनच्या टेबलावर होती. माझ्या उजव्या हाताची बोटे आत बाळाचे डोके वर ढकलून धरत होती, आणि आमचे सेक्रेटरीसाहेब म्हणत होते, "सर्वांनी हात जोडावेत."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. सांगलीजवळच्या एका मिशन हॉस्पिटलात मी लेबर रूमची सिस्टर होते. या बाईची नाळ बाळाच्या आधी खाली उतरली होती. त्याला कॉर्ड प्रोलॅप्स म्हणतात. डोके नाळेवर दाबले गेले की बाळाचा रक्तपुरवठा बंद. म्हणून सिझेरियन होईपर्यंत कुणीतरी ते डोके बोटांनी वर उचलून धरायचे. हात काढायचा नाही. नाळेचे ठोके माझ्या बोटांना लागत होते.

आमच्याकडे भूल देण्याआधी प्रार्थना व्हायची. चांगली पद्धत होती, एरवी अर्ध्या मिनिटात उरकायची. पण त्या दिवशी मिशन बोर्डाचे सेक्रेटरी पाहणीला आले होते. गाऊन-मास्क चढवून ते टेबलाच्या उशाशी उभे राहिले. "आज प्रार्थना मी करतो," म्हणाले. आमचे डॉक्टर हातात सुरी असली की वाघ, पण बोर्डापुढे शेळी. त्यांनी मान खाली घातली.

"सिस्टर, हात."

"साहेब, काढला तर बाळ जाईल."

"बरं, निदान डोळे तरी मिटा."

आणि सुरू झाले. हे सर्वसमर्था, सर्वज्ञा, आकाश व पृथ्वीच्या निर्मात्या. कलेक्टरला अर्ज करावा तसे आधी सगळे किताब. मग मिशनचा इतिहास. मग हॉस्पिटलची नवी इमारत, जणू देवाला तिच्याबद्दल कुणी कळवलेच नव्हते. बाई टक्क जागी होती. "बाळ हाय न्हवं, सिस्टर?" तिने हळूच विचारले. साहेबांनी आवाज चढवला. ठोके मंदावत चालले होते. मला संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. लहानपणापासून तोंडपाठ प्रार्थना म्हणणारी मी, त्या वेळी मला एक ओळ आठवेना.

दाराशी आमची आया मार्थाबाई उभी होती. ही बाई दिवसभर फरशी पुसता पुसता देवाशी बोलायची. "बापा, नळाला पानी आलं न्हाई बग अजून." आम्ही शिकलेल्या नर्सेस तिला हसायचो. हिला प्रार्थनेची रीत नाही, म्हणायचो. माझा चेहरा बघून ती पुढे आली. साहेब तोवर इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले होते.

"बापा, लेकरू गुदमरतंय. हात लाव. आमेन."

आमेन ऐकले की डॉक्टरांचे डोळे उघडायचे. इतक्या वर्षांची सवय. "आमेन. भूल द्या," ते म्हणाले. साहेबांचे वाक्य अर्धेच राहिले.

मुलगी झाली. निळी पडली होती, अंगात हालचाल नव्हती. पाठ चोळल्यावर, ऑक्सिजन दिल्यावर ती एकदाची रडली, तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

दुपारी मार्थाबाईला ऑफिसात बोलावणे आले. साक्षीला मी होतेच.

"प्रार्थना मध्येच तोडलीस. देवाची भीती नाही तुला?"

"आवं सायेब, त्यो तितंच हुता. तुमीच लांबनं हाका मारत हुता."

साहेबांनी तिला मेमो दिला. तिला वाचता येत नव्हते. व्हरांड्यात मी वाचून दाखवला.

"काय लिवलंय?"

"तुम्ही प्रार्थनेत घाई केलीत."

"व्हय, केली की," म्हणाली आणि बादली उचलून वॉर्डात गेली. मी तो कागद हातात धरून उभी राहिले. तिला हसायचो, याची मला मनापासून लाज वाटली.

पुढे तीसेक वर्षे नोकरी केली, प्रार्थनाही पुष्कळ ऐकल्या. एक कळले. ज्याच्याकडे रोजची ऊठबस असते, त्याच्याशी दोन शब्दांत काम होते. साहेबांना एवढे बोलावे लागले, म्हणजे बऱ्याच दिवसांत भेट झाली नसावी.