विमलची हजेरी

"विमल?"

गुरुजींनी हजेरीत नाव पुकारलं. विमल वर्गात नव्हती. शाळेमागं जमीनमालकाच्या ज्वारीत, मचाणावर उभी राहून ती पाखरं हाकलत होती. "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" तिचा आवाज खिडकीतून थेट आत आला.

"हाय की हजर! आवाज यायलाय ना?" गुरुजी म्हणाले. "ह्या वस्तीतली पोरं लांबूनच शिकतेत."

वर्ग हसला. मीही हसले. विमल माझी धाकटी बहीण. सख्खी.

ते दुष्काळाचं साल होतं. गावात एकट्या मालकाच्या विहिरीला पाणी, म्हणून त्याचीच ज्वारी उभी. शिवारातली सगळी पाखरं तिथंच उतरायची. आमच्या वस्तीलाही पाणी त्याच विहिरीचं. एके सकाळी मालक दारात आला. मायला म्हणाला, "दोघींतली एक दे राखणीला. शाळा काय पळून जाती?"

माय गप्प राहिली. मी राहिले नाही.

"हिला न्या मालक. हिचा आवाज लई मोठा हाय."

हे वाक्य माझं. कुणी शिकवलं नव्हतं. मला माझी शाळा वाचवायची होती.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार, म्हणून गुरुजींनी मला बजावलं, "विमलचं नाव आलं की म्हण, पाणी प्यायला गेली."

साहेब आले. नाव पुकारलं. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मागच्या ज्वारीतून आवाज आला. फाटलेला, घोगरा. ओळखू येईना.

मी उठले. "साहेब, ती पाणी प्यायला न्हाई गेली. ती मालकाची पाखरं हाकलायलीय. रोज तिची खोटी हजेरी लागती."

साहेबांनी खिडकीकडं पाहिलं. मग समोरच्या चहाकडं.

मी वर्गातून निघाले ती थेट ज्वारीत. मचाणाखाली उभं राहून म्हटलं, "उतर. शाळेत चल."

मालक धावत आला. "आन् पाखरं काय तुझा बाप हाकलणार?"

"तुमच्या घरातली पोरं हायती की, मालक."

विमल उतरली. माझा हात मात्र तिनं धरला नाही. बसलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "अक्का, तूच पाठवली होतीस ना मला?"

दुसऱ्या दिवसापासून विहीर आम्हाला बंद झाली. माय घागर घेऊन शेजारच्या गावाला जाऊ लागली. विमल शाळेत आली, पण मोठ्यानं वाच म्हटलं की तिचा आवाज फुटायचा नाही. तो पुढंही कधी नीट झाला नाही. तिनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता ज्वारी हुरड्यात आली की मी गावोगाव फिरते. मचाणावर पोर दिसलं की खाली जाऊन उभी राहते. मालक शिव्या देतो, मायबाप हात जोडतात, शाळा म्हणते पोर हजर आहे. पोर उतरून वर्गात बसेपर्यंत मी हलत नाही.

पाखरांनी शेत खाल्लं तर खाऊ दे.