बराकीत गेलेल्या ओळी

सांगलीत विश्रामबागेच्या कॉलेजात एक वर्ष काढलं आणि कऱ्हाडजवळच्या एका गावात सून म्हणून आले. पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी माझ्या हातात निळं आंतरदेशीय पत्र ठेवलं. नवरा फौजेत, लग्नाची रजा संपवून परत गेलेला. घरात लिहिता-वाचता येणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

गावची रीत अशी, की फौजीनं पत्र धाडायचं ते बापाच्या नावानं, आणि ते ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. आईबाप घरात असताना बायकोला वेगळं पत्र म्हणजे गावभर चर्चा. उत्तर सासरे सांगायचे, मी लिहायची: खोकला बरा आहे, म्हैस गाभण आहे, उसाला अजून तोड मिळाली नाही. ते संपलं की घडीचा आतला पट्टा कोरा उरायचा. तो माझा. सासऱ्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे मी निर्धास्त.

त्या चार बोटं जागेसाठी मी दिवसभर डोळे उघडे ठेवून वावरायची. शेण थापताना, पाणी भरताना काहीतरी सापडायचंच. ‘तुमचा चौकड्याचा शर्ट महिन्यातून एकदा उगाच धुते. वाळत घातला की वारा बाह्यांत शिरतो आणि कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतं.’ किंवा, ‘गुऱ्हाळातून गूळ आला. ढेप अजून कोमट होती. हात लावला आणि रजेत तुम्हाला ताप आला होता तेव्हाचं कपाळ आठवलं.’ कॉलेजात कविता म्हणून जे शिकवलं ते कधीच डोक्यातून उडालं होतं; पण अशी एखादी ओळ जमली की दोन दिवस माझे पाय जमिनीला लागायचे नाहीत. त्याच्या पत्राच्या शेवटीही माझ्यापुरती एक ओळ असायची: ‘छान लिहितेस, असंच लिहीत जा.’ वाचणारी मीच, म्हणून तेवढं मनात वाचून घडी घालायची. त्या एका ओळीवर मी दोन वर्षं सुखानं काढली.

पलीकडच्या घरात माझ्याच वयाची एक बाई होती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच पलटणीत, त्याच बराकीत. तिला सासू-सासरे नव्हते, म्हणून पत्र थेट तिच्या नावानं यायचं आणि ती ते वाचून घ्यायला माझ्याकडं यायची. एरवी त्यात भिंती लिंपून घे, शेळी विकू नको, एवढंच. त्या दुपारी मात्र मी वाचत होते आणि मधेच शब्द आले, ‘गुळाच्या कोमट ढेपेला हात लावला की तुझं कपाळ आठवतं.’

मी थांबले. ती लाजून पदराचं टोक चावत होती. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“आवं वैनी, तिकडं बरफात गुऱ्हाळ कुठनं आलं?”

एरवी मी पोट धरून हसले असते. आता अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिच्या त्या शहाण्या नवऱ्यानं माझं उतरवून घेताना एवढासुद्धा विचार केला नव्हता. पुढं शर्टही होता. त्याचं त्यानं लुगडं केलं होतं.

“असेल कुठंतरी,” मी म्हणाले.

“आसंना का. परत वाचा की तेवढं.”

मी परत वाचलं. तिचे डोळे भरून आले. मी शेवटपर्यंत वाचलं. सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

सुगीला नवरा रजेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. मी आडपडदा न ठेवता विचारलं, “माझी पत्रं तुम्ही बराकीत वाचून दाखवता?”

“मी कशाला? पोरंच वाचत्यात. लय आवडतं त्यास्नी,” तो कौतुकानं म्हणाला. “कोण कोण उतरवून बी घेत्यात. तुझं नाव हाय पलटणीत.”

“आणि तुम्हाला?”

“मला त्यातलं काय कळतंय? आबांचा खोकला, म्हस, ऊस, तेवढं वाचतो आन् पत्र त्यांच्याकडं देतो. तीच म्हणत्यात, वैनीस्नी कळवा, आसंच लिहीत जा म्हणून.”

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. असती तर भांडता तरी आलं असतं. नुसती चोरी असती तर एक वेळ तीही सोसली असती. इथं ज्याला दिलं त्यानं घेतलंच नव्हतं. दोन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. मी पुरती फसले होते, आणि फसवणारा समोर बसून मन लावून ब्रश मारत होता.

त्यानं दोन्ही बूट उन्हात शेजारी शेजारी ठेवले. अंगणातून एक कोंबडी चालली होती. ती एका बुटाच्या चकचकीत टोकात शिरली, मुंगीएवढी झाली, दिसेनाशी झाली, आणि दुसऱ्या बुटातून डुलत बाहेर पडली.

“काय दिसलं गं?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.