सावधान सरांची सूर्यमाला

आमच्या शाळेत कवायतीचे एक सर होते. मुलं पाठीमागे त्यांना 'सावधान सर' म्हणायची, कारण 'विश्राम' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलाच नव्हता. त्यांची पँट इतक्या कडक इस्त्रीची, की तिला सुरकुती पडू नये म्हणून ते बहुधा उभेच असत. प्रार्थनेची रांग वाकडी दिसली की त्यांचं खरोखर डोकं दुखायचं. मी चित्रकलेची शिक्षिका. माझ्या वर्गात मुलांनी झाडं वाकडी काढली तरी ते दारातूनच तोंड कडू करून पुढे जायचे.

एका वर्षी विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांचे तास सावधान सरांच्या गळ्यात मारले. असं का, तर म्हणाल्या, "त्यांच्या तासाला वर्ग शांत असतो." वर्ग शांत असला म्हणजे मुलं शिकली, असा आमच्याकडे हिशेब.

त्यातच स्नेहसंमेलन आलं. प्रमुख पाहुण्यांसमोर मुलांनी मैदानावर सूर्यमाला करून दाखवायची, असं ठरलं. सूर्य कोण होणार हे ठरवायची गरजच नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू आमच्याच शाळेत होता. त्याला फक्त मध्ये उभं राहायचं होतं, आणि तेवढं त्याला येत होतं. तरी अध्यक्षांचा निरोप आलाच, "बाकीचे पळणार आणि आमचा पोरगा नुसता उभा?" बाईंनी समजूत काढली, की साहेब, सगळे त्याच्याभोवतीच फिरणार आहेत. तेव्हा कुठे अध्यक्षांचं समाधान झालं. संस्थेतही तसंच चालत असल्यामुळे त्यांना ते लगेच पटलं असावं.

मग ग्रह. सरांनी एक लांबलचक दोरी आणली. एक टोक सूर्याच्या कमरेला बांधलं, बुधापासून नेपच्यूनपर्यंत आठही ग्रह दोरी धरून ओळीत उभे केले आणि हुकूम सोडला, "दोरी वाकता कामा नये!" झालं. सूर्याला खेटून असलेला बुध जागच्या जागी पाय आपटतोय, पृथ्वी फिरायला निघाल्यासारखी चालतेय आणि सगळ्यांत बाहेरचा नेपच्यून जीव खाऊन पळतोय! आठही ग्रहांचं वर्ष एकदम सुरू आणि एकदम खलास. मुख्याध्यापिकाबाई गच्चीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "वा, काय शिस्त आहे!"

नेपच्यून होती सरांची नात. पृथ्वी आणि शनीसाठी मुलांची मारामारी चालली होती, तेव्हा हिने आपणहून नेपच्यून मागून घेतला होता. गळ्यात अडकवायची निळी तबकडी तिने माझ्या वर्गात रंगवली. बाकीची मुलं रंगवून घरी गेली तरी हिचा ब्रश चालूच. जेवणं, बूट बांधणं, उत्तर देणं, सगळंच सावकाश. सर तिला 'आमची मालगाडी' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, पण चारचौघांत म्हणायचे.

पण त्या पहिल्याच तालमीत नात मागे पडली आणि दोरी वाकली. सरांनी नातीला बाहेर काढलं आणि शाळेतला सगळ्यांत चपळ मुलगा तिच्या जागी उभा केला. वर मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी नात म्हणून सवलत मिळणार नाही!"

ती रडली नाही. माझ्या वर्गात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "बाई, ही तबकडी आता त्याला द्यायची का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मैदानावर गेले. "सर, पुस्तक तरी उघडून बघायचं! सूर्याजवळचे ग्रह भरभर पळतात, लांबचे हळू चालतात. पृथ्वीच्या दीडशेहून जास्त फेऱ्या होतात तेव्हा कुठे नेपच्यूनची एक होते."

"म्हणजे सगळ्यांत हळू तो?"

"सगळ्यांत हळू."

"आणि त्याला कुणी काही म्हणत नाही?"

"काय म्हणणार? त्याची वाट लांबची, त्याची चालच तशी."

"पण मग दोरी?"

"दोरी नसते हो तिथे! सूर्य आपल्याकडे ओढून धरतो, हे खरं. पण आठ जणांनी एका ओळीत चालायचं, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

सर चक्क पायरीवर बसले. "मी आयुष्यभर पोरांना एकच सांगत आलो, मागे पडू नका," ते म्हणाले. मग म्हणाले, "घरीसुद्धा तेच." भांडायला गेलेली मी, पण मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी दोरी नव्हती. सरांनी मैदानावर फक्कीने आठ वर्तुळं आखली होती. चपळ मुलगा बुध झाला आणि नात पुन्हा नेपच्यून. शिस्त मात्र त्यांनी सोडली नाही. "फेरी पूर्ण झाल्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही," असं सगळ्यांना बजावलं.

संमेलनाच्या दिवशी बुधाने इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी तो सूर्याच्या पायाशीच आडवा झाला. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी भाषणात या कार्यक्रमातल्या 'एकजुटीचं' कौतुक केलं, आभार मानून झाले आणि अध्यक्षांनी सूर्याला गाडीत घालून घरी नेलं. नेपच्यूनची मात्र अजून जेमतेम अर्धी फेरी झाली होती. मध्ये सूर्य नाही, आजूबाजूला एक ग्रह नाही, आणि ही आपली फक्कीच्या रेघेवरून शांतपणे चालतेय. लोक हसू लागले. शिपाई खुर्च्या उचलायला आले.

मुख्याध्यापिकाबाईंनी माईक घेतला. "नेपच्यून, पुरे आता! सगळे कधीचे संपवून गेले. बाहेर ये बघू."

ती थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं. तिला पुन्हा बाहेर काढणार का, एवढंच त्या नजरेत होतं. मला तिच्याकडे बघवेना.

सर बाईंसमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते. ते मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात ओरडले, "नेपच्यून! इकडे लक्ष देऊ नकोस. सावकाश चाल!" मग बाईंकडे वळून म्हणाले, "तिचं वर्ष अजून व्हायचंय, बाई. खुर्च्या नंतर उचलू."

तिने पुढचं पाऊल टाकलं. तिचं वर्ष पूर्ण होईपर्यंत सर तिथून हलले नाहीत.