जहाजातनं आलेल्या वेताच्या खुर्च्या

हुस्नाभाभी नदाफ शाहूपुरीत फर्निचरचं दुकान चालवते. तिच्या सासऱ्यांच्या, कुतुबुद्दीनचाचांच्या काळात तिथं नुसत्या गाद्या भरून मिळायच्या. ती सून म्हणून आली तोवर फोमनं कापसाच्या गादीचं कंबरडं मोडलं होतं. मग तिनं पलंग ठेवले, सोफे ठेवले, डायनिंग टेबलं ठेवली. नवरा मोहसीन मागच्या खोलीत कुशन शिवतो. गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला जमत नाही, ते सगळं भाभीकडं. तिचा आवाज असा, की समोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसून तिच्या सोफ्याचा भाव मला कळतो.

या खुर्च्यांचं प्रकरण सुरू झालं ते उदयसिंह नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळं. गगनबावड्याच्या वाटेवर त्यांनी रिसॉर्ट बांधायला काढलेलं. बालीला फिरून आले होते आणि तिथल्या हॉटेलातल्या वेताच्या खुर्चीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरत होते.

"भाभी, अस्सल तिकडच्याच पायजेत. डुप्लिकेट नको."

"दादा, आसामचा वेत मागवून इथंच करून देतो की. मोहसीन गाद्या बसवंल."

"न्हाय. लोकांनी विचारलं तर 'इंडोनेशियाच्या हायत' असं सांगता आलं पायजे."

गिऱ्हाईक मोठं होतं. भाभीनं इंटरनेटवर जावामधला एक कारखाना शोधला. तिकडचा माणूस मोडक्या इंग्रजीत लिहायचा, ही मोबाइलकडनं भाषांतर करून घ्यायची. भाव कळला तेव्हा तिचा विश्वासच बसेना. आपल्याकडं त्या पैशात साधी लोखंडी खुर्ची येत नाही. तिनं त्यावर जहाजाचं भाडं धरलं, अंदाजानं आयातीची ड्युटी धरली, मुंबईहून इथवरचा टेम्पो धरला, आपला नफा धरला आणि उदयसिंहांना एका खुर्चीचा भाव सांगून टाकला. त्यांनी हातावर हात मारला. "ठरलं. पण नंतर वर एक रुपया देणार न्हाय, आत्ताच सांगतो."

"मागणारबी न्हाय," भाभी म्हणाली.

पहिला धक्का बसला तो माझ्याच दुकानात. माल जहाजात चढला होता आणि जहाज कंपनीकडून आलेलं बिल छापून घ्यायला ती आली होती. कागद हातात घेतला आणि तिथंच स्टुलावर बसली.

"अनुजा, वजनाला तर हलक्या हायत गं खुर्च्या. एका बोटानं उचलंल माणूस. मग एवढं भाडं कसलं?"

संध्याकाळी तिनं कारखान्याला विचारलं. भाडं वजनावर नव्हतंच, जागेवर होतं. खुर्च्या जोडून तयार अवस्थेत भरलेल्या. गोल पाठीच्या असल्यामुळं एकात एक बसत नव्हत्या. पाय सुटे करून पाठवल्या असत्या तर निम्म्या जागेत मावल्या असत्या. पण हिनं ते विचारलं नव्हतं आणि कारखानदारानं सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी हवा आणली की जहाजातनं!" ती ओरडली. मोहसीन मागच्या खोलीतून बाहेर आला, तिच्याकडं बघितलं आणि परत आत गेला.

पुढं माल न्हावाशेवा बंदराला लागला आणि तिथंच अडकला. कंटेनर तिच्या एकटीचा नव्हता. चार-पाच जणांचा माल मिळून भरलेला होता. त्यातल्या कुणाच्या तरी खेळण्यांच्या खोक्यांबद्दल कस्टमला शंका आली, म्हणून तपासणी होईपर्यंत सगळाच कंटेनर थांबला. थांबला तरी बंदरातल्या जागेचं भाडं मात्र रोज चढत होतं. भाभी रोज एजंटला फोन लावायची. माल सोडवून देण्यासाठी नवी मुंबईतला विश्वजित नावाचा एजंट धरलेला होता. तो रोज म्हणायचा, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

"प्रोसेसमध्ये हाय म्हणजे कुठं हाय? मला जागा सांग जागा! मी येतो तिथं!"

आणि खरंच गेली. मोहसीनला दुकानात बसवून ती बसनं नवी मुंबईला गेली. दोन दिवस तिथल्या मावसबहिणीकडं राहिली, आणि विश्वजितच्या कचेरीत खुर्ची ओढून बसली. पुढं काय झालं ते तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं हजर असल्यासारखं वाटतं.

"आता एकेक ओळ सांगा," ती म्हणाली. "ड्युटी एवढी कशी?"

विश्वजित तसा सरळ माणूस होता, पण असली गिऱ्हाइकं त्याला रोजची. "मॅडम, तुम्ही ड्युटी खुर्चीच्या किमतीवर धरलीत. ती तशी नसते. खुर्ची, जहाजाचं भाडं आणि विमा, हे सगळं मिळून जी रक्कम होते, तिच्यावर ड्युटी."

"भाड्यावर ड्युटी? भाडं काय मी विकणार हाय?"

"नियम आहे. मग ड्युटी मिळवून जी बेरीज होते, तिच्यावर जीएसटी."

"म्हणजे कराच्या डोक्यावर कर."

"जीएसटी तुमचा पुढं विक्रीवरच्या करातून वळता होईल की."

"कवा? माल विकल्यावर. आज तर माझ्याच खिशातनं जाणार न्हवं?"

डॉलरचंही तसंच. हिनं भाव धरला होता सौदा ठरला त्या दिवशीचा, कस्टमचा दर वेगळा, आणि मधल्या काळात डॉलर वर सरकलेला.

पण खरी मेख पुढंच होती. इंडोनेशियाशी आपला करार आहे. माल तिथंच बनलाय असा दाखला असला तर ड्युटीत मोठी सवलत मिळते. कारखानदारानं दाखला दिला होता आणि भाभीचा सगळा हिशेब त्या सवलतीवर उभा होता. फक्त दाखल्यावर 'लाकडी खुर्च्या' लिहिलं होतं आणि बिलावर 'वेताच्या खुर्च्या'. अधिकाऱ्यांनी सवलत नाकारली.

"वेत म्हणजे लाकूडच की हो शेवटी!" भाभी म्हणाली.

"कस्टमच्या लेखी दोन्ही वेगळे. आता दोन रस्ते आहेत. दुरुस्त दाखला मागवा, पण तोवर जागेचं भाडं चढत राहील. नाहीतर पूर्ण ड्युटी भरा आणि कंटेनर मोकळा होताच माल उचला."

तिनं कारखानदाराला मेसेज केला. तिकडं सणाची सुट्टी लागलेली. दाखला कधी मिळेल ते कुणी सांगेना. भाभी म्हणते, तेवढा एकच क्षण तिला रडू आलं, तेही पैशासाठी नाही. "अनुजा, कुणी खोटं बोललं असतं तर त्याची गचांडी तरी धरली असती. पर खोटं कुणीच बोललं न्हाय. ज्यानं त्यानं आपापला तुकडा तेवढा सांगितला. सगळा मिळून काय होणार, ते सांगायला कुणी नव्हतंच."

तिनं पूर्ण ड्युटी भरली. मदिनाचाचींनी, म्हणजे सासूबाईंनी, ती निघतानाच आपल्या पाटल्या आपणहून काढून दिल्या होत्या. भाभीनं त्या गहाण ठेवल्या. तोपर्यंत कंटेनरही मोकळा झाला होता. खुर्च्या कोल्हापूरला आल्या. दोन-तीन खुर्च्यांचे पाय ढिले झाले होते, ते मोहसीननं मुकाट बसवले.

उदयसिंह बघायला आले तेव्हा मी मुद्दाम चहा घेऊन तिकडं गेले होते. खुर्च्या खरोखर देखण्या होत्या. ते एकीत बसले, मागं रेलले, खूश झाले. भाभीनं त्यांना सगळं सांगितलं. भाडं, ड्युटी, दाखला, डॉलर. वाढवून मागितलं नाही, नुसतं सांगितलं. तिच्या मनात काय होतं ते कळत होतं. हे ऐकून उदयसिंहच आपणहून काहीतरी वाढवून द्यायचं बोलतील, असं.

उदयसिंह म्हणाले, "धंद्यात असं व्हायचंच. बरं, या खुर्च्या वर रिसॉर्टवर कवा पोच करताय?"

मागच्या खोलीतली मोहसीनची शिवणाची मशीन थांबली.

"माझा भाव दुकानात पोच करायचा हुता दादा," भाभी म्हणाली. "शब्द दिला तेवढं केलं. खुर्च्या हितं हायत. गाडी तुमची पाठवा."

"एवढ्या लांबनं आणल्या, आता एवढ्याशासाठी?"

"व्हय. एवढ्याशासाठीच."

ते कुरकुरले, वाद घातला, आपण किती जुनं गिऱ्हाईक आहोत ते सांगितलं. भाभी ढिम्म. शेवटी त्यांनी आपला टेम्पो पाठवला. त्या व्यवहारात तिला नफा सोडाच, मुद्दलातलंही गेलं. पाटल्या सोडवायला पुढचा सगळा लग्नसराईचा हंगाम गेला. रिसॉर्ट आता जोरात चालतं म्हणे. भाभी तिकडं कधी गेली नाही.

मागच्या आठवड्यात कागलचं एक जोडपं आलं होतं. मुलीच्या लग्नात द्यायला डायनिंग टेबल हवं होतं. नवऱ्यानं मोबाइल पुढं केला. "ताई, हे बाहेरच्या देशात एवढ्यात मिळतंय. तुम्ही दुप्पट सांगताय."

मी माझ्या काउंटरवरून ऐकत होते. भाभीनं दोघांना बसवलं, पाणी दिलं.

"हे बघा. तिकडं शंभर रुपयाचं टेबल धरा. जहाजाचं भाडं जागेवर असतंय, वजनावर न्हाय. ते घातलं की झालं एकशे तीस. आता ड्युटी शंभरावर न्हाय, एकशे तिसावर. ती मिळवायची, मग त्या बेरजेवर जीएसटी. परत बंदरातलं भाडं, एजंट, टेम्पो..."

"एवढं कशाला सांगताय?" नवरा म्हणाला. "लास्ट किती ते बोला."

"लास्ट हेच."

"मग ऱ्हाऊ दे."

दोघं उठले आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. भाभी त्यांच्या मागं दारापर्यंत गेली. रहदारीच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडली, "आन विमा! विमा सांगायचा ऱ्हायलाय अजून!"

त्यांनी मागं वळून बघितलं नाही.