ओढ्यापलीकडची गोफण

परवा कोठीतली अडगळ काढताना जुनी गोफण हाती आली. निजामाच्या राजवटीतली, प्लेगच्या साथीची गोष्ट. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. सोनारीजवळच्या आमच्या गावात उंदीर पडू लागले, तसं सगळं गाव रानात खोपी घालून राहिलं. ओढ्याअलीकडं आम्ही, पलीकडं माझा मित्र. ओढा ओलांडायला मनाई. दिवस कलला की दोघं आपापल्या ज्वारीतल्या मचाणावर चढायचो. मी गोफण कडाडवली की पलीकडून त्याची कडाडायची. एके दिवशी त्याची वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला घास गिळेना, एका जागी बसवेना. वडील कानानं अधू, म्हणून आई ओरडूनच म्हणाली, "पोरगं निस्तं खोपीभवती फिरतंय. समजवा की त्याला!" "समजवून काय व्हतंय? चल रं," म्हणत वडील माझ्यामागं मचाणावर चढले. "हाण." मी हाणली. पलीकडं सामसूम. "अजून हाण. समदी पाखरं सोलापूरला गेली तरी चालंल." अंधारून येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. दुसऱ्या सांजेलाही आले. त्या सांजेला पलीकडून आवाज आला, तापातून उठलेल्या हाताचा, अगदी हलका. मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "वाजली न्हवं? चल, भाकर खा." त्यांना ओढ्यापलीकडचं ऐकू येणं शक्यच नव्हतं. माझा मुलगा चौदाचा झाला तेव्हा मला कळलं, ते सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होते.