राखेने घासलेले पाय

पवित्र गुरुवारी दुपारपासून डोंबिवलीशेजारच्या आमच्या कोपरच्या घरात न्हाणीतून वज्रीचा खरखर आवाज येतो. संध्याकाळी चर्चमध्ये, येशूने शिष्यांचे धुतले तसे, पाळकसाहेब मंडळींचे पाय धुणार, म्हणून आई आधी घरीच टाचा घासून लख्ख करते. "मळके पाय त्यांच्या हातात कसे द्यायचे गं?"

तो आवाज ऐकला की मला नेपाळमधलं एक अंगण दिसतं. आमच्या चर्चच्या तरुण संघाची मिशन ट्रिप होती. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय धुवायचे, हे आम्ही डोंबिवलीतूनच ठरवून गेलेलो. पहिलीच आजी येऊन माझ्यासमोर बसली. तिच्या पायांना राखेचा वास येत होता. टाचांच्या भेगांतसुद्धा मातीचा कण नव्हता.

आमचा लीडर प्रशांतदादा कॅमेरा खाली घेत म्हणाला, "अरे, पाय एकदम क्लीन आहेत यार! फोटोत काय कळणार? त्यांना जरा शेतात पाय घालून यायला सांगा ना."

दुभाष्याने सांगितलं. आजीने माझ्याकडे बघितलं, मी हातातल्या तांब्याकडे. मग ती उठली, बांधापलीकडच्या चिखलात जाऊन उभी राहिली आणि आमची रीतच अशी असेल असं समजून हसत परत आली. मी तिचे पाय धुतले.

तो फोटो आमच्या चर्चच्या हॉलमध्ये लावलाय. उपासना संपली की आई दर वर्षी त्याच्यासमोर थांबते. आपले लख्ख पाय चपलांत सरकवत म्हणते, "बिचारीकडे पाय धुवायलासुद्धा पाणी नव्हतं गं."