ठरवून केलेलं भांडण

बाळांनो, तुमच्या मामीशी मी आयुष्यात पहिल्यांदा भांडले ते एका शनिवारी दुपारी चार वाजता, आधी वेळ ठरवून.

(तुमच्या आईने तुम्हाला सांगितली ती अर्धीच हकिकत आहे, आणि तीही तुमच्या आजोबांकडून फोनवर ऐकलेली. आजोबा सगळ्या हकिकतींतून स्वतःचा भाग गाळतात. म्हणून ही पूर्ण.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी हल्ली एका ऑनलाइन लेखनगटात गोष्टी लिहिते. आपण गोष्ट टाकायची, खाली वाचक मतं देतात. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि जन्मभर इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे मराठीत लिहिताना सुरुवातीला मला परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटायचं. पण वाचकांनी सांभाळून घेतलं. ‘छान’, ‘खूप छान’, ‘छानच ताई’. मला फार आनंद झाला. मग लक्षात आलं, यातल्या निम्म्या लोकांनी ‘छान’ हे गोष्ट उघडण्याआधीच लिहिलेलं असतं!

अपवाद एकच. ‘चिमटा’ या नावाने लिहिणारा (किंवा लिहिणारी, देव जाणे) एक वाचक. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हीच पंचाईत. त्याने माझी विशेषणं कमी करवली, माझे सूर्यास्त बंद केले. आणि मी मोठ्या हौसेने सासू-सुनेची कथा टाकली, तेव्हा त्याने लिहिलं, ‘ताई, तुमची पात्रं भांडत नाहीत, अर्ज करतात. “कृपया माझ्या भावना समजून घ्याव्यात” असं कुठली सून म्हणते? घरात कधी भांडण पाहिलंय का?’

पाहिलं नव्हतं! मुग्धा, म्हणजे तुमची मामी, या घरात आल्याला पंधरा वर्षं झाली, आवाज म्हणून चढला नाही. माजिवड्याच्या आमच्या इमारतीत लोक सुनांना आमचं उदाहरण देतात (सुना ते कसं ऐकून घेतात, मला माहीत नाही). पण आता मला कुतूहल गप्प बसू देईना. भांडण सुरू कसं होतं? आधी कोण बोलतं? हातांचं काय करतात?

आजोबांना विचारलं, “काय हो, भांडण नेमकं कुठून सुरू होतं?”

“मला काय विचारतेस? मी नेहमी ऐकायच्या बाजूला असतो.”

शेवटी मुग्धालाच गाठलं. “अगं, माझ्याशी जरा भांडतेस का?”

तिने हातातला फोन खाली ठेवला. “आई, बरं वाटत नाहीये का?”

“कथेसाठी गं. फक्त अर्धा तास.”

“या आठवड्यात ऑफिसात फार काम आहे हो. शनिवारी चालेल?”

तर शनिवार. तुमचा मामा कामासाठी नागपूरला गेला होता, म्हणजे मध्ये पडायला कुणी नव्हतं. चहा झाला, कपबशा विसळल्या, मी टॅब उघडून तयार बसले. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. (बातम्या चालू होत्या, तरीही!)

“आई, तुमचं ते... आमटीत मीठ जरा कमी असतं,” मुग्धा म्हणाली.

“हे भांडण झालं? हे डॉक्टर सांगतात! मनातलं बोल. आवाज चढव!”

“मनातलं?”

“अगदी मनातलं.”

मुग्धाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाली, “हिंग.”

“हिंगाचं काय?”

“हिंग सगळ्यात वरच्या फळीवर का आहे, आई?”

“का म्हणजे? मी डबे खालच्या फळीपासून वर्णक्रमाने लावलेत. ‘ह’ शेवटी येतो.”

“तेच! हळद वर, हिंगही वर! रोज फोडणी टाकायची आणि स्टुलावर चढायचं! खाली मोहरी जळतेय, वर मी लोंबकळतेय! आणि तो ओवा! वर्षातून दोनदा लागतो आणि मेला हाताशी बसलाय, कारण काय तर तो स्वर आहे!”

वा! चिमट्याला हवं होतं ते हेच! मी हर्षाने म्हणाले, “थांब, थांब. ‘लोंबकळतेय’च्या पुढे काय म्हणालीस? जरा सावकाश बोल, मी एका बोटाने टाइप करते.”

इथे, बाळांनो, नाटक संपलं.

“तुम्ही हे लिहून घेताय?” तिचा आवाज एकदम खाली आला, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा भयंकर होता. “मी पंधरा वर्षांचं बोलतेय आणि तुम्ही लिहून घेताय?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत? आज विचारलंत तेही त्या चिमट्यासाठी!”

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मी टॅब बंद केला. आदर्श घर, आदर्श सासू, आणि मी स्वतः वेळ ठरवून ते मोडलं होतं!

खिडक्या उघड्या होत्या, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. समोरच्या दळवीबाई मूळच्या आंबिवलीच्या, मुग्धाच्या माहेरच्या शेजारी. त्यांनी ‘लोंबकळतेय’ एवढं ऐकलं आणि थेट आंबिवलीला फोन लावला. संध्याकाळी बेल वाजली. दारात विहीणबाई! चप्पलही न काढता म्हणाल्या, “मुग्धा! बॅग भर!”

“अहो विहीणबाई, ते भांडण खोटं होतं...”

“खोटं? दळवीबाईंना समोर शब्द न् शब्द ऐकू आलाय!”

“म्हणजे सुरुवातीला खोटं होतं,” आजोबा म्हणाले. “मग सुधारलं.” (हाच तो त्यांनी गाळलेला भाग.)

मुग्धा बाहेर आली. डोळे लाल. “आई, ओरडू नकोस. आधी चहा घे.”

“तू बस. मी करते माझ्या हाताने,” असं म्हणून विहीणबाई स्वयंपाकघरात शिरल्या. आलं लगेच मिळालं. चहापूड मधल्या फळीवर सापडली. मग बराच वेळ नुसते डबे वाजले.

“मुग्धा, साखर कुठाय?”

“‘स’, आई. वर.”

विहीणबाई माझ्यापेक्षाही बुटक्या. आम्ही आत गेलो तेव्हा त्या स्टुलावर टाचा उंचावून उभ्या होत्या, एक हात साखरेवर, दुसरा भिंतीला. तिथूनच म्हणाल्या, “विहीणबाई, हळदीकुंकवाला हळद कशी काढता हो? बंब बोलावता?”

मुग्धा हसली. आधी नाकातून, मग खाली बसून, पदर तोंडाला लावून. मी स्टूल घट्ट धरून ठेवलं, कारण आता वर विहीणबाईही हसत होत्या.

“मुग्धा,” मी म्हणाले, “डबे कुठे हवेत ते तू सांग. मी लिहून घेत नाहीये.”

“तुम्ही बाहेर बसा, आई. तेवढं केलंत तरी पुरे.”

मायलेकींनी रात्रीच्या जेवणापर्यंत अख्खं स्वयंपाकघर बदललं. बॅग भरली गेली नाही. विहीणबाई जेवून गेल्या, आणि आमटीला हिंगाची फोडणी अशी बसली होती की आजोबांनी दोनदा भात घेतला. तेव्हापासून मला मात्र एक साधा चमचासुद्धा विचारून घ्यावा लागतो.

मुग्धाला विचारून (हे मी आता शिकले आहे) मी सगळा प्रसंग जसाच्या तसा लिहिला आणि गटावर टाकला. सकाळी पहिली चिमट्याची प्रतिक्रिया पाहिली.

‘ताई, भांडण उत्तम! सून जिवंत झाली. फक्त सासू पटली नाही. मसाले वर्णक्रमाने लावणारी बाई जगात असू शकत नाही. अतिशयोक्ती टाळा.’

मी नम्र उत्तर जुळवत होते. एका बोटाने, म्हणजे वेळ लागतोच. तेवढ्यात खाली एका नव्या सभासदाचं उत्तर येऊन पडलं, ‘आहे. आमच्याकडे. दोन दिवस घेऊन जाता का?’

खाली नाव होतं मुग्धाचं, आणि त्या एका ओळीला माझ्या अख्ख्या कथेपेक्षा जास्त लाल बदाम मिळाले.